न विचारलेल्या प्रश्नाचे मार्क

नाकात दोन भोकं असतात आणि मध्ये एक पडदा. पडदा शाबूत असेपर्यंत तो आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

*

उत्तरपत्रिकेत मोकळी जागा दिसली की तपासणाऱ्याचा हात आपोआप तिरकी रेघ मारून पुढे जातो.

*

कॉलेजातल्या बायकांच्या स्वच्छतागृहातला नळ इतका चकचकीत आहे, की त्यात आपलं तोंड वाटाण्याएवढं दिसतं.

*

"पैसे वाढले नाहीत तरी माझी हरकत नाही. पण ते कुठे आहेत आणि तिथे बसून काय करताहेत, हे पोरांना माझ्याकडे बघून सांगता आलं पाहिजे."

*

नोकरी नव्हती त्या काळात दुपारी दार वाजलं की नवरा बाथरूममध्ये जाऊन उभा राहायचा. येणाऱ्याला वाटावं, घरात कुणी नाही.

*

'या वर्षी आमच्या एकाही कर्मचाऱ्याला कामामुळे दुखापत किंवा आजार झालेला नाही.'

*

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती सकाळचं उकडलेलं अंडं सोलत होती. अंडं हातातून सटकलं आणि सिंकमध्ये जाऊन पडलं.

समोर, बरणीला टेकवून, नळाच्या कारखान्याचा अहवाल उघडा ठेवला होता. टेबलापाशी नवरा चहा पीत बसला होता. तो अहवाल त्यानंच लिहिला होता. आणि त्या अहवालाला तिच्या वर्गानं पहिला नंबर दिला होता.

ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. दोन पिढ्यांना पुस्तकं देऊन निवृत्त झालेल्या ग्रंथपालबाईंनी आपल्या साठवणीतले पैसे कॉलेजला दिले, आणि अट घातली, की ते कुठल्या कंपनीत गुंतवायचे हे विद्यार्थ्यांनी ठरवायचं. नफा बघून नव्हे. कंपनी वागते कशी, माणसांशी आणि हवापाण्याशी, ते बघून. प्राचार्यांनी हा विषय तिच्या गळ्यात घातला. तिलाही आवडला. "पैसा झोपत नाही," ती पहिल्याच तासाला म्हणाली होती. "तुम्ही झोपता तेव्हा तो कुठेतरी कामाला गेलेला असतो. कुठल्या कामाला, ते विचारायचं." पोरांनी ते वाक्य फळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं आणि त्याखाली कुणीतरी झोपलेल्या माणसाचं चित्रही काढलं होतं. चित्र तिच्यासारखं दिसत होतं.

मग कंपन्यांचे जबाबदारीचे अहवाल मागवले. प्रत्येक मुद्द्याला मार्क ठरवले: कामगारांची सुरक्षितता, सांडपाणी, पगार, बायकांना किती जागा. आणि झालं काय, की शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला जगात तपासायची एकच रीत माहीत असते. सगळ्यांनी मिळून ते अहवाल उत्तरपत्रिकांसारखे तपासले. जिथे पानं भरली होती तिथे मार्क. जिथे मोकळं दिसलं तिथे तिरकी रेघ.

पंप बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीनं चारच पानं पाठवली होती. त्यात एक परिच्छेद असा होता: 'आमच्याकडे एकाचं बोट यंत्रात सापडलं. चूक आमची. यंत्राला जाळी नव्हती. आता बसवली आहे.' वर्गानं समासात लिहिलं, 'प्रामाणिक, पण उत्तर अपुरं,' आणि शंभरपैकी एकतीस दिले.

नळवाल्यांना शहाण्णव.

आज दुपारी मतदान होतं.

"हे वाक्य तू लिहिलंस?" तिनं विचारलं.

"सगळा अहवालच मी लिहितो. त्यासाठीच ठेवलंय मला. तुझं अंडं पडलं बघ."

"ते दोघं? नाकाचे?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला. काही आठवड्यांपूर्वी याच टेबलावर, याच खुर्चीत, तो बोलून गेला होता. प्लेटिंग खात्यात नळांवर चकाकी चढवतात, तिथल्या हौदांची वाफ दोन माणसांच्या नाकात जाऊन जाऊन नाकातून रक्त यायला लागलं. डॉक्टरनं बघितलं तर आतल्या पडद्याला आरपार भोक. तिनं तेव्हा "अरे देवा" म्हटलं होतं आणि नंतर धुतलेले कपडे वाळत घालायला गेली होती.

"ते ठेकेदाराचे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या हजेरीवर नाहीत. पगार ठेकेदार देतो. कंपनीचे कर्मचारी नव्हेत ते. वाक्य नीट वाच की. एक अक्षर खोटं नाही त्यात."

"तेच म्हणतेय मी. एक अक्षर खोटं नाही."

मग तिला वाटलं विषय बदलावा, म्हणून ती म्हणाली, "आमच्या पोरांनी तुम्हाला पहिला नंबर दिलाय."

आणि नवऱ्याचा चेहरा उजळला. हसूच आलं त्याला, दाबलं तरी दाबलं जाईना. "काय सांगतेस? किती पडले?"

"शहाण्णव."

"चार कुठे कापले?"

"अरे!"

"नाही, म्हणजे विचारतोय आपलं. पडणारच की. तुझ्याच पद्धतीनं लिहिलाय तो. एवढी वर्षं या टेबलावर पेपरांचे गठ्ठे बघतोय मी. तू बडबडत तपासतेस. शीर्षक नाही, कापा एक. आकृती नाही, कापा दोन. मुद्दा सोडला, गेला हा बिचारा. म्हटलं, आपण एकही मुद्दा सोडायचा नाही."

तिनं बरणीला टेकवलेला अहवाल मिटला. म्हणजे एका घरात एकानं पेपर लिहिला आणि त्याच घरातल्या दुसऱ्यानं तो तपासायला शिकवला. परीक्षा मंडळात असं कुणी केलं असतं तर हाकलून दिलं असतं.

"मी वर्गात सांगायला नको का?" ती म्हणाली.

"काय सांगणार? नवरा चहा पिताना बोलला, असं? त्या दोघांचं आमच्याकडे तिघांनाच माहीत आहे. साहेब, डॉक्टर आणि मी. साहेब बोलणार नाही. डॉक्टर बोलणार नाही. मग उरलं कोण, हे शोधायला काही फार हुशारी लागत नाही."

"आणि त्या दोघांनाही माहीत आहे."

"काय?"

"त्यांच्या नाकाचं. त्यांनाही माहीत असेल ना. म्हणजे पाच झाले."

त्यानं कप बाजूला सरकवला. बूट घातले. दारात उभं राहून नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाला, "हे बघ. मला परत तसं दुपारी घरात उभं राहायचं नाहीये."

आपलेच दात, आपलेच ओठ. ती सिंकमधलं अंडं उचलून धूत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

*

कॉलेजला जाताना तिनं तीन बेत केले.

पहिला: आजारी पडायचं. (शून्य. तिच्याशिवाय मतदान झालं असतंच, प्राचार्यांनी घेतलं असतं.)

दुसरा: गप्प बसायचं. मत पोरांचं, पैसे ग्रंथपालबाईंचे, कंपनी कायद्याला धरून. तिचा संबंधच काय? (दहापैकी दोन, आणि तेही अक्षर बरं म्हणून.)

तिसरा: आडून सांगायचं. नवऱ्याचं नाव नाही, नाकाचं नाव नाही. नुसता धडा शिकवायचा, कुठल्याही अहवालाला लागू पडेल असा. पोरांनी आपण होऊन शोधलं तर शोधलं. साप मरेल, काठीही मोडणार नाही.

तिसऱ्याला तिनं सहा दिले. चौकातला दिवा हिरवा होऊन परत लाल झाला तरी ती फुटपाथवरच उभी होती. मागून एका म्हातारीनं पिशवीनं ढोसलं. "जायचंय की नाही, बाई?"

फाटकातच प्राचार्य भेटले. "अभिनंदन! उत्तम निवड केलीत हं मुलांनी. ते आपले नळवाले ना? आपल्याकडचे सगळे नळ त्यांचेच. दहा वर्षांत एकही गळला नाही."

"अजून मत व्हायचंय, सर."

"ते होईल हो. मी ग्रंथपालबाईंना बोलावलंय, फोटोही काढू. तुम्ही जरा आजारी दिसता. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," ती म्हणाली. पहिला बेत मोडीत निघाला.

तासाआधी तिनं तोंडावर पाणी मारलं. नळात वाटाण्याएवढी बाई तिच्याकडे बघत होती. त्या बाईला काही विचारायच्या आत तिनं नळ बंद केला.

*

वर्गाची एक पद्धत होती. मत देण्याआधी प्रत्येकानं उठून सांगायचं, 'यात माझं काय आहे.' म्हणजे त्या कंपनीत कुणी नातेवाईक आहे का, कुणाचा फायदा आहे का. पद्धत तिनंच घालून दिली होती. पोरांनी त्याचा खेळ करून टाकला होता.

"माझं काही नाही," मुनीम म्हणाला. हिशेब तोंडी करायचा, म्हणून हे नाव. "पण माझ्या आत्याच्या घरी त्यांचा शॉवर आहे. पाणी कमी येतं. मी पूर्वग्रहदूषित आहे."

"माझं काही नाही. मला फक्त हा तास लवकर संपावा असं वाटतं."

"हा फायदा झाला. लिहून घ्या!"

"माझा मामा आधी तिथे वॉचमन होता, पण त्याला काढलं. त्याचा राग आहे, माझा नाही."

ग्रंथपालबाई शेवटच्या बाकावर, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हसत होत्या. प्राचार्य दाराशी फोन सरळ धरून उभे.

एकेक बाक संपत पुढे येत होता. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आपली पाळी येणार असल्यासारखं. पण तिची पाळी येणारच नव्हती. खेळ विद्यार्थ्यांचा, मॅडमना कोण विचारणार? शेवटी पहिल्या बाकावरची वकील उठली. उंच, सतत भांडायच्या तयारीत असलेली ती पोरगी. पेनाचं टोपणसुद्धा पुराव्यासारखं समोर ठेवायची.

"माझं काही नाही," वकील म्हणाली, आणि बसली.

झालं. आता हात वर.

जे ती म्हणाली नाही: माझं आहे.

जे ती म्हणाली: "मतदानाआधी एक करू. अहवाल परत काढा."

"मॅडम, नाही!" सगळा वर्ग कळवळला. प्राचार्यांनी फोन खाली केला.

"आपण मार्क चुकीच्या रीतीनं दिले. मीच शिकवलं तसं, म्हणून चूक माझी. अहवालात काय लिहिलंय ते आपण तपासलं. आता काय लिहिलं नाही ते तपासा. प्रत्येक आकड्यापाशी थांबायचं आणि विचारायचं, यात कुणाला मोजलेलं नाही?"

"न लिहिलेलं कसं तपासणार?" मुनीम म्हणाला. "त्याला मार्क कुठून द्यायचे?"

"द्यायचे नाहीत. विचारायचं फक्त."

पानं फडफडायला लागली. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठीमागे पोरं कुजबुजत होती, कुणी हसत होतं. मनात तिच्या दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, सापडू दे. दुसरं म्हणत होतं, देवा, नको सापडू दे, तास संपू दे, शहाण्णव ते शहाण्णव, फोटो काढा आणि घरी जा. दुसऱ्या माणसाचा आवाज मोठा होता, हे तिला नंतर कुणी विचारलं असतं तर तिनं कबूल केलं असतं. कुणी विचारलं नाही.

"मॅडम." वकीलच. "पान बावीसवर कर्मचाऱ्यांचा आकडा आहे. पान चाळीसवर कँटीनमध्ये रोज किती माणसं जेवतात तो आकडा आहे. सकस जेवणाची बढाई मारलीय ना, तिथे. जेवणारे कर्मचाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत."

"खादाड असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप रे. म्हणजे तिथे अशी माणसं काम करतात जी कर्मचारी नाहीत. ठेकेदाराची. आणि हे वाक्य बघा, 'आमच्या एकाही कर्मचाऱ्याला दुखापत किंवा आजार नाही.' अर्ध्या माणसांबद्दल हे वाक्य काहीच बोलत नाही."

कँटीनचा आकडा! तो तर नवऱ्यानं कौतुकानं घातला असणार. मुद्दा सोडायचा नाही म्हणून.

सापडलं होतं. तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. काठी मोडली नव्हती. आता फक्त 'शाब्बास' म्हणायचं आणि खडू ठेवायचा.

"शाब्बास," ती म्हणाली.

वकील बसली नाही. "मॅडम, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

प्रश्न साधा होता. त्यात आरोप नव्हता. पोरीला खरंच कुतूहल होतं, शिक्षकांना उत्तरं आधीच माहीत असतात तशातला प्रकार आहे का, एवढंच. 'अंदाज होता' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'अशा कंपन्यांत सगळीकडे असतंच' हेही चाललं असतं. तिच्या जिभेवर दोन्ही वाक्यं आली. दोन्हींत एक अक्षर खोटं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"कसं?"

बाथरूममध्ये उभा राहिलेला माणूस. बाहेर बेल वाजतेय. तो श्वास धरून.

"हा अहवाल माझा नवरा लिहितो," ती म्हणाली. "मी मघाशीच उठून सांगायला हवं होतं. तुम्ही सगळे बोललात, मी बोलले नाही. कंपनीच्या आतलं मला जे कळलंय ते मी इथे सांगणार नाही, कारण ते मला घरात कळलंय. पण विचारण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही."

कुणीही विनोद केला नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं. प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, आपण हे जरा केबिनमध्ये—"

"थांबा हो," शेवटच्या बाकावरून ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या आवाजानं पूर्वी अख्खी वाचनखोली गप्प व्हायची. प्राचार्यही गप्प झाले. त्या पोरांकडे वळल्या. "मग? माझे पैसे कुठे आहेत आता?"

"अजून बँकेतच आहेत, आजी," मुनीम म्हणाला.

"पंपवाल्यांना देऊन टाकू," कुणीतरी म्हणालं. "त्यांनी बोटाचं सांगितलं तरी."

"लगेच नको," वकील म्हणाली. "त्यांचेही ठेकेदार असतील. दोघांनाही विचारू. सरळ प्रश्न: तुमच्या आवारात काम करणारी एकूण माणसं किती, आणि त्यातली आजारी किती, मग पगार कुणीही देवो. उत्तर आल्यावर मत."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर तेही कळलंच की."

मत झालं ते एवढ्यावरच: आधी विचारायचं. हात वर गेले. तिनं मोजले नाहीत. पत्र तिथेच लिहिलं, मुनीमच्या फोनवरून पाठवलं. कुणाला पाठवायचं, तर नळवाल्यांच्या अहवालाच्या शेवटी पत्ता होताच: 'आपल्या शंका आम्हाला कळवा.' त्या पत्त्यावर आलेली पत्रं कोण उघडतं हे वर्गात एकट्या तिला माहीत होतं. नाही. आता सगळ्यांनाच माहीत होतं.

बाहेर पडताना ग्रंथपालबाईंनी तिचा दंड धरला. "घरी भांडण होईल?"

"भांडण झालं तर बरंच म्हणायचं," ती म्हणाली.

फोटो कुणी काढला नाही.

*

स्टाफरूममध्ये ती पर्स न उघडता बसून राहिली. फोन पर्समध्ये होता. तो वाजला तेव्हा तिनं आधी पर्सच दूर सरकवली, मग उघडली.

"तुझ्या पोरांचं पत्र आलंय," नवरा म्हणाला. आवाज हळू होता, कुणीतरी जवळ बसलेलं असावं तसा.

"हो."

"सांगितलंस तू?"

"नाकाचं नाही सांगितलं. तू लिहितोस एवढं सांगितलं. बाकीचं त्यांनी शोधलं. कँटीनवरून."

"कँटीन?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग, "च्यायला. चाळीसावं पान."

"हं."

"साहेबानं अजून बघितलं नाहीये. आधी माझ्याकडेच येतं. मी काढून टाकू शकतो."

तिला 'टाक' म्हणायचं होतं. तिला 'टाकू नकोस' म्हणायचं होतं. समोरच्या कपाटावर कुणाची तरी छत्री वाळत घातली होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

"काढलं तर ती परत पाठवतील का?" त्यानं विचारलं.

"पाठवतील. एक पोरगी आहे, ती तर येऊनच उभी राहील फाटकात."

"तुझ्यासारखी?"

"नाही रे. माझ्यासारखी असती तर आजारी पडली असती आज."

पलीकडे तो हसला की श्वास सोडला, कळलं नाही. "उत्तर लिहायचं म्हणजे आधी माणसं मोजायला लागतील," तो म्हणाला. "ठेकेदाराकडे यादी नसणार धड. खाली खात्यांत, प्लेटिंगमध्येही, जाऊनच बघायला लागेल."

"आणि साहेब?"

"साहेबाचं साहेब बघेल." मग लगेच, वेगळ्या आवाजात: "भीती वाटतेय गं."

"मलाही."

"जेवायला थांबू नकोस," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती तशीच बसून राहिली. पुढच्या तासाची घंटा झाली. तिनं खडू उचलला आणि वर्गाकडे निघाली.

नोकरीच्या पहिल्या दिवशी नवऱ्याला सगळा कारखाना फिरवून दाखवला होता. प्लेटिंग खात्यापाशी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली, म्हणून तेवढं बघायचं राहिलं, ते आजपर्यंत.